पितळेचं गाव, मँगनीजचा डोंगर आणि हवेतला नायट्रोजन

जे ऐकण्याऐवजी वाचताहेत त्यांच्यासाठी: बोलण्यातलं बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' वगैरे काढून टाकलेत.

आज भंडारा. विदर्भातल्या घरांमध्ये 'गंज' या शब्दाला दोन अर्थ असतात. एक, लोखंडाला लागतो तो. दुसरा, स्वयंपाकघरातलं भांडं, ज्यात वरण शिजतं, दूध तापतं. पुण्याच्या रूममेटला "दूध गंजात आहे" असं सांगितलं की तो आधी दचकतो. तर आजचा प्रश्न असा की स्टीलच्या गंजाला गंज का लागत नाही, आणि जो गंज एकेकाळी पितळेचा होता तो स्टीलचा कसा झाला? हा इतिहास सांगताना भंडारा दोनदा येतो. एकदा हरणारा म्हणून. दुसऱ्यांदा ज्याच्या जमिनीतून जिंकणाऱ्याचं सामान निघालं तो म्हणून.

आधी पितळ. भंडाऱ्याला 'ब्रास सिटी' म्हणतात हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. रतनपूरच्या बाराव्या शतकातल्या कलचुरी शिलालेखात 'भानारा' असा उल्लेख आहे, आणि लोकांमध्ये या नावाचा संबंध 'भाणं' म्हणजे ताट, थाळी याच्याशी लावला जातो. व्युत्पत्ती बरोबर असो वा नसो, गावाला ती पटली होती हे महत्त्वाचं. कासारांची घरं, ठोक्यांचा आवाज, गुंड, घागरी, परात, कोपर, गडवे. मोडीचं पितळ वितळवायचं, ओतायचं, ठोकायचं, चकाकी आणायची. हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला.

पितळेचं दुखणं सगळ्यांना माहीत. आंबट वरण, ताक, चिंचेचं सार त्यात कळकतं. म्हणून कल्हई. कल्हईवाला भाता मारून विस्तव फुलवायचा, भांडं लाल तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथिलाचा पातळ मुलामा कापसाने फिरवायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्याचा तो झोंबणारा धूर. हा अमोनिया लक्षात ठेवा.

कारण पितळेचं एक लष्करी दुखणंही आहे आणि त्याचा पत्ता भारतातच आहे. ब्रिटिश फौजेच्या दारूगोळ्याच्या कोठारांमध्ये पावसाळा आला की बंदुकीच्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप चिरायच्या. कोणी हात लावलेला नाही, कोणी ओढलेलं नाही, तरी चीर. ऋतू बदलला की होतं म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव दिलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी याचं कारण नीट मांडलं. पुंगळी ओढून बनवताना धातूत जो ताण अडकून राहतो तो एक भाग. हवेतला ओलावा आणि अमोनिया हा दुसरा. तबेले जवळ असायचे, घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठायचा, आणि ताण अडकलेलं पितळ त्यात तडकायचं. अमोनियात काय असतं? नायट्रोजन. म्हणजे पितळेच्या गोष्टीत नायट्रोजन खलनायकाच्या टोळीत आहे.

पोलादाच्या गोष्टीतसुद्धा तो सुरुवातीला खलनायकच होता. १८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्तात पोलाद बनवायची युक्ती काढली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, त्यातला थोडासा पोलादात विरघळून राहायचा. अगदी शंभरात एक-दोन शतांश टक्के, पण तेवढ्यानेही साधं पोलाद काही काळाने ठिसूळ व्हायचं. याच बेसेमरच्या पोलादाला दुसरं एक दुखणं होतं, ते बरं केलं रॉबर्ट मुशेटने, मँगनीज असलेलं लोखंड मिसळून. तेव्हापासून पोलाद म्हटलं की मँगनीज लागतंच. जगभरच्या भट्ट्यांना मँगनीज हवं झालं, आणि इथे आपला जिल्हा पुन्हा येतो.

तुमसर तालुका. बहुतेकांना तुमसर तांदळाच्या बाजारासाठी माहीत असतं. पण तुमसर रोडवरून तिरोडीकडे जी रेल्वेची फाटा-लाइन जाते, ती गोबरवाहीसारख्या स्टेशनांवरून जाते ते मुख्यतः मँगनीजसाठी. चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग. ('बुजुर्ग' म्हणजे मोठं. घाटावर याच शब्दाचं 'बुद्रुक' झालं.) नागपूर, भंडारा, बालाघाट असा हा सलग पट्टा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस ली फर्मॉरने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि या पट्ट्यातल्या एका खास खडकाला त्याने नाव दिलं 'गोंडाइट'. गोंडांवरून. ज्यांच्या जमिनीखाली खनिज होतं त्यांचं नाव दगडाला मिळालं. खनिज मात्र बोटीत बसून इंग्लंड, युरोप, अमेरिकेला गेलं.

कंपनीचा इतिहास थोडक्यात. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, मग तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, ब्रिटनमध्ये नोंदवलेली. १९६२ मध्ये भारत सरकार आणि दोन राज्यं यांनी मिळून ५१ टक्के हिस्सा घेतला आणि मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड झाली. १९७७ मध्ये उरलेले ४९ टक्के पण घेतले. आजची मॉइल ती हीच, मुख्यालय नागपूरला. चिखल्याला भूमिगत खाण, डोंगरी बुजुर्गला उघडी खाण. डोंगरीचं खनिज टॉर्चच्या सुक्या सेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडसाठी नावाजलेलं आहे. बॅटरी हा वेगळ्या भागाचा विषय, आज तिकडे जात नाही.

आता स्टेनलेस. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुपच्या स्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम-निकेल पोलादाची पेटंटं घेतली, १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने क्रोमियमचं न गंजणारं पोलाद ओतलं. त्यातलं क्रुपवालं घराणं म्हणजे ऑस्टेनिटिक. तुमच्या डब्यावर '१८/८' लिहिलेलं असतं ना? १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनवतं, तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो, म्हणून गंज लागत नाही. मग निकेल कशाला? निकेल अणूंची रचना ठरवतं. लोखंडाच्या अणूंना थंड झाल्यावर एका रचनेत बसायचं असतं, निकेल त्यांना दुसऱ्या रचनेत धरून ठेवतं. या दुसऱ्या रचनेत घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि सहा बाजूंच्या मधोमध एकेक अणू असतो. तिचं नाव ऑस्टेनाइट. ती मऊ, चिवट, लोहचुंबकाला न चिकटणारी, आणि पत्र्याची सपाट चकती दाबून खोल गंज काढायला एकदम योग्य.

भारताची अडचण बघा. क्रोमियम आहे, ओडिशात सुकिंद्याला. लोखंड आहे. निकेल? जवळजवळ शून्य. आमच्या कामात एखादी लायब्ररी दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते आणि तो सर्व्हर कधी बंद पडेल याची गॅरंटी नसते, तसं हे. आणि निकेलचा सर्व्हर खरंच पडतो. कोरियन युद्धात, १९५० ते ५३, अमेरिकेतच निकेलची टंचाई झाली. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या धातुबाजारात निकेल काही वेळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि बाजारच थांबवावा लागला.

निकेलला पर्याय काय? मँगनीजही ऑस्टेनाइट धरून ठेवतं. हे १८८२ पासून माहीत होतं, जेव्हा रॉबर्ट हॅडफिल्डने १२-१३ टक्के मँगनीजचं पोलाद बनवलं. रेल्वेच्या रुळांच्या क्रॉसिंगला ते अजून वापरतात. पण क्रोमियम भरपूर असेल तर एकट्या मँगनीजचा जोर कमी पडतो. तिथे नायट्रोजन मदतीला येतो. वजनाला वजन धरलं तर ऑस्टेनाइट टिकवायला नायट्रोजन निकेलच्या कितीतरी पट प्रभावी आहे. आणि तो हवेत आहे, फुकट.

१९२६ साली इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ॲडकॉकने क्रोमियम-लोखंडात नायट्रोजन घातला की काय होतं हे तपासलं. अमेरिकेत १९५० च्या दशकात २०१ आणि २०२ हे क्रमांक आले, निम्मं निकेल काढून मँगनीज आणि नायट्रोजन घातलेले. आपल्याकडे जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, जिचं उद्घाटन नोव्हेंबर १९५० मध्ये नेहरूंनी केलं होतं, तिथे डॉ. बी. आर. निझावन आणि पी. के. गुप्ते यांच्या गटाने याही पुढे जाऊन निकेल पूर्ण वगळलेल्या क्रोमियम-मँगनीज-नायट्रोजन पोलादावर काम केलं. घरात जे आहे त्यात भाजी करायची, हा विचार. मला हा प्रयत्न आपल्या औद्योगिक इतिहासातल्या सगळ्यात कमी सांगितल्या गेलेल्या गोष्टींपैकी एक वाटतो. परकीय चलन नाही, निकेल नाही, आणि ताटं-वाट्या तर कोट्यवधी घरांना हव्यात.

अडचण वेगळीच होती. वितळलेल्या शुद्ध लोखंडात, १६०० अंशांना, साध्या हवेच्या दाबाखाली नायट्रोजन फक्त ०.०४५ टक्क्याच्या आसपास विरघळतो. सोड्याच्या बाटलीसारखं आहे, झाकण उघडलं की फसफसून बाहेर. थंड होताना उरलेला नायट्रोजन बुडबुडे करतो आणि ठोकळा आतून स्पंजासारखा होतो. पण क्रोमियम आणि मँगनीज असले की विद्राव्यता खूप वाढते. निकेल उलट ती कमी करतं. म्हणजे निकेल काढा, मँगनीज घाला, की नायट्रोजनला राहायला जागा आपोआप वाढते. मँगनीज नुसतं निकेलच्या जागी आलेलं नाही, नायट्रोजनला धरून ठेवण्याचं कामही तेच करतं. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत आर्गन-ऑक्सिजन फुंकून पोलाद शुद्ध करायची भट्टी व्यावसायिक वापरात आली. तिच्यात महाग आर्गनऐवजी काही वेळ नायट्रोजन फुंकता येतो, आणि तोच विरघळून पोलादात राहतो. बेसेमरच्या भट्टीत जो नकळत शिरायचा, त्याला आता मोजून आत घेतात.

किती मोजून? १ किलो स्टीलमध्ये समजा २ ग्रॅम. साधारण दोन-सव्वादोन लिटर हवेतला नायट्रोजन. कोल्ड्रिंकची मोठी बाटली डोळ्यासमोर आणा, तेवढी हवा. अणूंच्या हिशोबात, दर सव्वाशे अणूंमागे एक.

एवढ्याने काय फरक पडणार? इथे या भागाचा मुख्य मसाला आहे, जरा सावकाश ऐका.

धातू ओढून बघायची एक चाचणी असते. ठरावीक मापाची पट्टी दोन्ही टोकांना पकडायची आणि मशीनने ओढत राहायचं. सुरुवातीला पट्टी रबरासारखी, सोडलं की परत मूळ लांबीवर. मग एक ताण येतो जिथून ती कायमची लांब व्हायला लागते. मग आणखी ओढलं की सगळ्यात जास्त ताण, मग तुटणं. तर दोन पोलादं घ्या, ३०४एल आणि ३०४एलएन. दोन्हींत कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, क्रोमियम-निकेल जवळपास सारखं. फरक एवढाच की दुसऱ्यात ०.१० ते ०.१६ टक्के नायट्रोजन मुद्दाम घातलाय. अमेरिकन मानकात पहिल्याची कायमची लांब व्हायला लागण्याची किमान मर्यादा १७० मेगापास्कल, दुसऱ्याची २०५. वीस टक्के जास्त. तुटण्याआधीचं लांबणं? दोघांनाही किमान ४० टक्के. भांड्यांच्या घराण्यातलं २०२ घेतलं तर तिथे मर्यादा २६०, आणि लांबणं तरीही ४०.

धातूंच्या दुनियेत हे सहसा होत नाही. ताकद वाढवली की लवचीकपणा कमी होतो, हा नेहमीचा सौदा. नायट्रोजन तो सौदा बराचसा मोडतो. कसं?

पत्रा वाकतो तेव्हा अणूंचा सगळा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सहज सरकते. धातूत अशाच सुरकुत्या असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. नायट्रोजनचा अणू लहान, तो लोखंडाच्या अणूंच्या मधल्या पोकळीत बसतो. पण पोकळी त्याच्यापेक्षा लहान, म्हणून तो शेजाऱ्यांना ढकलतो. सतरंजीखाली सगळीकडे खडे पसरल्यासारखं. सुरकुती पुढे न्यायला जास्त जोर लागतो. हा झाला ताकदीचा भाग.

लवचीकपणाचा भाग याहून मजेशीर. साध्या ऑस्टेनाइटमध्ये सुरकुत्या एकमेकींत गुंततात, लोकरीचा गुंडा होतो. नायट्रोजन भरपूर असेल तर त्या गुंतण्याऐवजी आपापल्या पातळीत रांगेने चालतात. नायट्रोजनला क्रोमियमचा शेजार आवडतो, त्यामुळे अणूंच्या छोट्या छोट्या टोळ्या बनलेल्या असतात. पहिली सुरकुती ती टोळी मोडून जाते, मागच्यांना तीच वाट सोपी पडते. पावसाळ्यात चिखलात पहिल्या बैलगाडीने चाकोरी पाडली की बाकीच्या तिच्यातूनच जातात ना, तसं. ताण एका जागी साचून लवकर तुटण्यापेक्षा पट्टी बराच वेळ सारखी लांबत राहते आणि लांबताना कडकही होत जाते. वर आणखी एक. नायट्रोजन ऑस्टेनाइट घट्ट धरतो, त्यामुळे दाबताना त्याचं कडक, चुंबकाला चिकटणाऱ्या रचनेत रूपांतर कमी होतं.

हाच नायट्रोजन गरम जागीही कामाला येतो. कल्पाक्कमला ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचे मोठे भाग ३१६ जातीच्या स्टीलचे आहेत. जोडकामाजवळ गंजू नये म्हणून त्यातला कार्बन कमी केला, त्याने ताकद घटली, ती भरून काढायला ०.०६ ते ०.०८ टक्के नायट्रोजन घातला. तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने नायट्रोजन ०.०७ पासून ०.२२ टक्क्यांपर्यंत वाढवून हेच पोलाद वेगवेगळ्या तापमानांना ओढून पाहिलं. ताकद प्रत्येक पायरीला वाढली, लांबणं थोडं घटलं. आणि मधल्या तापमानांना, साधारण ३०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात, ओढताना ताणाचा आलेख गुळगुळीत न राहता करवतीच्या दातांसारखा येतो. तिथे परके अणू पळत जाऊन सुरकुतीला पकडतात, ती सुटते, पुन्हा पकडतात. मला हा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी डेटा बिघडवलाय असंच वाटेल असा आहे, पण ते धातूचं खरं वागणं आहे.

परत स्वयंपाकघरात. १९७० मध्ये हिसारला जिंदल, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलम, आणि मग भाईंदरपासून दिल्लीच्या वझीरपूरपर्यंत भांड्यांचे कारखाने. निकेल महागलं तसं भारतीय भांड्यांमध्ये कमी-निकेलची जात पसरली. बाजारात तिला 'जे४' म्हणतात. निकेल फक्त १ टक्क्याच्या आसपास, मँगनीज ८ ते १० टक्के, थोडं तांबं, आणि नायट्रोजन. त्या तांब्याची कथा ऐकण्यासारखी आहे. निकेल कमी आणि नायट्रोजन जास्त असलेला पत्रा दाबायला कडक, आणि खोल भांडं काढलं की कधी कधी काही तासांनी, काही दिवसांनी, दुकानात ठेवल्या ठेवल्या काठाला चीर पडायची. पुंगळ्यांसारखंच, फक्त इथे कारण वेगळं, आत अडकलेला ताण, हायड्रोजन आणि दाबताना झालेला रचनेतला बदल. तांबं घातलं की पत्रा मऊ येतो आणि हा त्रास कमी होतो. पितळेतलं तांबं असं गुपचूप स्टीलच्या गंजात येऊन बसलं.

स्वस्त, हलका, कल्हई नको, घासायला सोपा. भंडाऱ्याच्या कासारांकडे याला उत्तर नव्हतं. लग्नात रुखवतात पितळेची जागा स्टीलने घेतली, घागरीची जागा स्टीलच्या गुंडाने, आणि वर मशीनने नाव कोरून. आई-मावश्यांना यात वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, राखेने पितळ घासून हात त्यांचेच गेले होते. हळहळ करणारे आपण, ज्यांनी कधी परात घासली नाही. पण धंदा गेला हे खरं. घरातल्या गंजातलं मँगनीज नेमकं डोंगरीचं की बालाघाटचं की बाहेरून आलेलं हे कोणी सांगू शकत नाही, भट्टीत सगळं एक होतं. तरी ज्या धातूवर ही स्वस्त जात उभी आहे त्याच्या देशातल्या मुख्य पट्ट्यात हा जिल्हा बसलाय, आणि त्याच्या वाट्याला आलं ते खोदकाम. वरठीला, भंडारा रोड स्टेशनला लागून, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, तिथे गाड्यांच्या उद्योगासाठी विशेष पोलाद बनतं. भांड्यांचा पत्रा मात्र दुसरीकडून येतो.

आता एक ऐकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न, "मग जे४ वाईट का?" माझं मत, वाईट नाही. नायट्रोजनमुळे उलट खड्डे पडण्याचा गंज कमीच होतो, त्याबाबत तो वजनाला क्रोमियमच्या सोळापट मोजतात. दोष येतो क्रोमियम कमी असल्याने. निकेल नसताना १८ टक्के क्रोमियम घातलं तर ऑस्टेनाइट टिकत नाही, म्हणून ते १५-१६ वर आणावं लागतं. ताटासाठी, डब्यासाठी चालतं. लोणचं महिनाभर ठेवलं, मिठाचं पाणी साचलं, तर डाग येऊ शकतात.

वाईट आहे ती ३०४ सांगून हे विकण्याची चाल. चुंबक लावून बघा असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यावर विसंबू नका. चुंबक ३०४ ला चिकटत नाही तसा या पत्र्यालाही चिकटत नाही, आणि खोल दाबलेल्या अस्सल ३०४ च्या कडेला कधी हलकासा चिकटूही शकतो. भारतीय मानक ब्युरोने २०१२ मध्ये कमी-निकेल भांड्यांच्या पत्र्यासाठी वेगळं मानक काढलं, आयएस १५९९७, त्यात एन१, एन२, एन३ असे तीन दर्जे आहेत. ३०४ चा पत्रा येतो आयएस ५५२२ मध्ये. दुकानात गेलात तर दर्जा विचारा आणि बिलावर लिहून मागा. किलोमागे भावातला फरक बराच असतो, आणि तो फरक निकेलचा असतो.